हिरावून घेतलेला शेवट

गोष्ट ऐन रंगात आलेली असताना ती अर्धवट तोडणे ही शिक्षा किती कठोर असते, हे लहान मुलांखेरीज दुसऱ्या कोणास फारसे उमगत नाही. १९७९ च्या ऑगस्ट महिन्यात फिलिपीन्समधील असंख्य मुलांना ही शिक्षा भोगावी लागली. आणि ती फर्मावणारा कोणी कडक शाळामास्तर किंवा संतापलेला बाप नव्हता, तर देशाचे राष्ट्राध्यक्ष फर्डिनंड मार्कोस होते. दर शुक्रवारी संध्याकाळी चित्रवाणीवर दिसणारी ‘व्होल्टेस फाइव्ह’ ही जपानी कार्टून-मालिका त्यांच्या आदेशाने एकाएकी बंद झाली. अवघे मोजके भाग उरले होते. पृथ्वीवर चालून आलेल्या परग्रहवासी साम्राज्याचे पुढे काय झाले, बेपत्ता पिता आपल्या मुलांना भेटला की नाही, हे प्रश्न पडद्यावर तसेच लोंबकळत राहिले. आठ वर्षांच्या मुलाने शुक्रवारची वाट पाहावी आणि शुक्रवार रिकामाच निघून जावा, एवढीच ही घटना. परंतु राजकारणाचा पहिला धडा त्या पिढीतील कित्येकांना तेथेच मिळाला.

या मालिकेवर आधारलेली, जिवंत नटनटींना घेऊन केलेली नवी कलाकृती फिलिपीन्समध्येच तयार व्हावी, १९ एप्रिल २०२३ रोजी तिचे प्रारंभीचे भाग चित्रपटगृहांत झळकावेत आणि मग ८ मेपासून ती मालिकारूपाने घरोघरी पोहोचावी, हा योगायोग नव्हे. मूळ कृती जपानची, तिचे हक्कही जपानी कंपनीचे. पण तिचे पुनरुज्जीवन झाले ते मनिलात. असे का झाले, याचे उत्तर शोधू लागले की यंत्रमानवांच्या पोरखेळातून निघालेली वाट थेट एका देशाच्या अर्धशतकाच्या इतिहासात शिरते.

महाकाय यंत्रमानव हे जपानी बालवाङ्मयाचे खास अपत्य आहे. मित्सुतेरू योकोयामा या चित्रकाराने १९५६ साली ‘तेत्सुजिन २८’ ही चित्रकथा सुरू केली, तेव्हा तिच्यातील पोलादी राक्षस हा दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्करासाठी योजलेले गुप्त अस्त्र म्हणून कल्पिलेला होता. युद्ध हरलेल्या देशातील एक मुलगा ते अस्त्र हाती घेतो आणि सत्कार्यासाठी वापरतो, ही त्या कथेची मूळ कल्पना. यंत्र चांगले नसते, वाईटही नसते. त्याचा ताबा कोणाकडे यावर सारे अवलंबून, हा पराभवातून आलेला विचार तिच्यात आहे. पुढे गो नागाई यांच्या ‘माझिंगर झेड’ने १९७२ साली नायकाला यंत्रमानवाच्या मस्तकातच बसविले. तेथपासून या कथांना आणि त्यांच्याबरोबर खेळण्यांच्या धंद्याला भरती आली. दर आठवड्याला एक राक्षस, एक लढाई, एक विजय. आणि दुकानात त्याच यंत्राची धातूची प्रतिकृती. मालिकांचा खर्च खेळणीवाले सोशीत आणि यंत्राचे किती तुकडे व्हावेत, ते कसे जोडले जावेत, यातही त्यांचा शब्द चाले. बाजाराच्या मागणीतून जन्मलेला हा प्रकार होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

‘व्होल्टेस फाइव्ह’ हीदेखील त्याच साच्यातली. तोएई कंपनीसाठी सनराइज या संस्थेने ती तयार केली आणि ४ जून १९७७ ते २५ मार्च १९७८ या काळात तिचे ४० भाग जपानी दूरचित्रवाणीवरून दाखविले गेले. पाच तरुण पाच वाहने चालवितात. त्यांतून शीर, बाहू, धड, पाय आणि पावले जुळतात व ५८ मीटर उंचीचा यंत्रमानव उभा राहतो. तो तलवार उपसतो आणि शत्रूच्या देहावर इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराचा घाव घालतो. हे सारे ठराविक. मात्र दिग्दर्शक तादाओ नागाहामा यांनी या ठराविक सांगाड्यात जे भरले, ते ठराविक नव्हते. त्यांना लढाईपेक्षा नात्यांत रस होता. मालिकेच्या दुसऱ्याच भागात नायकांची आई आपले विमान शत्रूच्या यंत्रावर आदळून प्राणार्पण करते. मुलांच्या करमणुकीत इतक्या लवकर इतके मोठे दुःख आणण्याचे धाडस त्या वेळी फारसे कोणी करीत नसे.

कथेचा गाभा त्याहून धीट आहे. बोआझान नावाच्या ग्रहावर ज्यांच्या डोक्याला शिंगे आहेत ते सरदार आणि ज्यांना ती नाहीत ते गुलाम, अशी जन्मजात विभागणी आहे. विद्या, पराक्रम, शील यांपैकी कशाचाही तेथे हिशेब नाही. शिंग आहे की नाही एवढेच पाहायचे. राजकुळात जन्मलेला एक थोर शास्त्रज्ञ शिंगांविना जन्मतो. खोटी शिंगे लावून तो मोठा होतो, अधिकारपदाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतो. पण बिंग फुटते आणि त्याची रवानगी गुलामांत होते. तो निसटून पृथ्वीवर येतो, येथे संसार थाटतो आणि आपल्याच ग्रहाच्या संभाव्य स्वारीविरुद्ध पृथ्वीला सज्ज करतो. त्याचे तीन पुत्र हे पाच नायकांपैकी तिघे. आणि पृथ्वीवर चालून आलेल्या फौजेचा देखणा, गर्विष्ठ सेनापती राजपुत्र हायनेल हा त्याच शास्त्रज्ञाचा पहिल्या पत्नीपासून झालेला मुलगा! ज्याचा तो अखेरपर्यंत तिरस्कार करीत राहिला, तो द्रोही आपला पिता आणि ज्यांच्याशी लढलो ते आपले भाऊ, हे त्याला कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. शेवटच्या भागांत युद्ध बोआझानवर जाऊन पोहोचते, गुलाम उठाव करतात आणि सम्राटाची सत्ता कोसळते. कर्णार्जुनांच्या कथेवर वाढलेल्या वाचकाला या शोकांतिकेची जात निराळी सांगावयास नको.

आता हे शेवटचे भाग आणि मनिलातील तो १९७९ चा ऑगस्ट एकमेकांशेजारी ठेवून पाहावेत. मार्कोस यांनी सप्टेंबर १९७२ मध्ये लष्करी कायदा पुकारला होता. वृत्तपत्रांना आणि नभोवाणी-चित्रवाणी केंद्रांना टाळी लागली, विरोधी पुढारी तुरुंगात गेले, संसद बंद झाली. त्या काळात सुमारे ७०,००० लोक कैदेत पडले, ३४,००० जणांचा छळ झाला आणि ३,२०० हून अधिक मारले गेले, असे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलचे आकडे सांगतात. अशा राज्यात ५ मे १९७८ पासून ‘व्होल्टेस फाइव्ह’ दिसू लागली. इंग्रजी संवाद भरून, पात्रांना स्टीव्ह, मार्क, जेमी अशी नावे देऊन आणि हायनेलचा झार्डोझ करून ती दाखवीत. शीर्षकगीत मात्र मूळ जपानीतच राहिले. मालिकेने मुलांना वेड लावले. आणि गुलामांच्या उठावाचे प्रकरण येऊ घातले असतानाच २७ ऑगस्ट १९७९ रोजी बंदीचा हुकूम निघाला.

सरकारने दिलेले कारण अतिरेकी हिंसेचे होते. या कार्यक्रमांनी मुलांच्या मनावर वाईट परिणाम होतो, त्यांच्यात युद्धखोरी भरली जाते, असे सांगण्यात आले आणि याच मालिकेबरोबर इतर यंत्रमानवी मालिकाही पडद्यावरून हटविण्यात आल्या. येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पालकांच्या तक्रारी खऱ्या होत्या. दर आठवड्याला यंत्रांची कत्तल पाहणारी मुले घरी तेच खेळ खेळत असतील, तर आईबापांना चिंता वाटणे स्वाभाविक आहे; जगातल्या सर्व देशांत ती वाटते. बोआझानच्या गुलामांत मार्कोस यांना आपली प्रजा दिसली म्हणून त्यांनी बंदी घातली, असे पुष्कळ फिलिपिनो आजही मानतात. पण तो तर्क आहे. हुकूमशहाच्या मनात काय होते हे कागदावर राहत नाही. इतर मालिकांवरही एकाच वेळी कुऱ्हाड पडली, ही बाब त्या तर्काला थोडा छेद देणारीच आहे.

परंतु हुकूमशाहीत हेतूंचा निवाडा करणे हेच मुळी व्यर्थ ठरते. ज्या राज्यात बंदीचे कारण विचारता येत नाही, तिच्याविरुद्ध दाद मागता येत नाही आणि वृत्तपत्रात तिची उलटतपासणी करता येत नाही, तेथे सद्हेतूने घातलेली बंदी आणि भीतीपोटी घातलेली बंदी यांत नागरिकाच्या दृष्टीने फरक उरत नाही. लोकशाहीत हिंसाचाराच्या प्रश्नावर पालक भांडले असते, शिक्षकांनी लेख लिहिले असते, चित्रवाणी केंद्राने वेळ बदलली असती, कदाचित काही दृश्ये कापली गेली असती. त्या वादातून समाज थोडा शहाणा झाला असता. मनिलात वाद झाला नाही, फर्मान निघाले. आणि मुलांच्या हिंसक खेळांची काळजी वाहणाऱ्या याच सरकारच्या छळछावण्यांत त्याच वर्षी माणसांवर काय गुजरत होते, हे आठवले म्हणजे ‘हिंसा’ हा शब्दच त्या हुकुमात केविलवाणा वाटू लागतो.

बंदीचा परिणाम अपेक्षेच्या उलट झाला. जपानात ‘व्होल्टेस फाइव्ह’ ही अनेकांतली एक मालिका म्हणून मागे पडली. १९७९ सालीच सनराइजच्या ‘गंडाम’ने या कथाप्रकाराची दिशा बदलून टाकली आणि यंत्रमानव हा तारणहार न राहता युद्धातले एक निव्वळ शस्त्र बनला. फिलिपीन्समध्ये मात्र अपुऱ्या राहिलेल्या गोष्टीने मनात ठाण मांडले. पूर्ण पाहिली असती, तर ती इतर बालपणीच्या करमणुकींप्रमाणे कदाचित विसरलीही गेली असती. शेवट हिरावला गेल्यामुळे प्रत्येकाने तो आपापल्या मनात रचला. लष्करी कायद्याच्या अमदानीत वाढलेल्या मुलांना पुढे ‘व्होल्टेस फाइव्ह पिढी’ असेच नाव पडले. बेनिग्नो अक्विनो यांचा २१ ऑगस्ट १९८३ रोजी मनिलाच्या विमानतळावर खून झाला आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये एड्सा या हमरस्त्यावर लाखो निःशस्त्र माणसे रणगाड्यांसमोर उभी राहिली, तेव्हा १९७९ ची मुले ऐन किशोरवयात होती. २५ फेब्रुवारी रोजी मार्कोस कुटुंबाने देश सोडला. कार्टून पाहून क्रांती होत नाही, हे उघड आहे. पण सत्तेला शिंगे फुटली म्हणजे ती काय करते याचे चित्र मुलांनी आधीच पाहिलेले होते. पुढे रोखलेले भाग लोकांसमोर आले. १९९९ साली मालिका पुन्हा चित्रवाणीवर अवतरली, अखेरचे भाग जोडून चित्रपटही दाखविण्यात आला आणि तिशी गाठत आलेल्या माणसांनी वीस वर्षांपूर्वीचे देणे वसूल केल्याच्या भावनेने तो पाहिला.

या प्रेमातील आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. हा नायक जपानचा होता. १९४२ ते १९४५ या काळात जपानी लष्कराने फिलिपीन्सवर ताबा ठेवला होता आणि फेब्रुवारी-मार्च १९४५ मधील मनिलाच्या लढाईत सुमारे एक लाख नागरिक मेले. ज्या आजी-आजोबांनी जपानी गणवेश पाहून जंगलाचा आश्रय घेतला होता, त्यांचीच नातवंडे तीन दशकांनंतर मित्सुको होरिए या गायिकेचे जपानी शब्द अर्थ न कळता तोंडपाठ म्हणत होती. हे विस्मरण होते की क्षमा, हे ठरविणे कठीण आहे. कदाचित मुलांना त्या दोहोंची गरजच भासली नसावी. पराभूत जपानातील कलावंतांनी साम्राज्यशाहीच्या पतनाची कथा रचावी आणि त्या साम्राज्याने पूर्वी भरडलेल्या देशातील मुलांनी ती उराशी कवटाळावी, यात राजनैतिक करारांना न साधलेले काहीतरी साधले गेले, एवढे निश्चित.

या पार्श्वभूमीवर नव्या ‘व्होल्टेस फाइव्ह : लेगसी’कडे पाहावे लागते. जीएमए या चित्रवाणी संस्थेने तोएईच्या परवानगीने २०२० च्या प्रारंभी तिची घोषणा केली. मूळ मालिका दाखविणारी संस्था हीच. लवकरच महामारी आली आणि काम लांबत गेले. दिग्दर्शक मार्क रेयेस हे स्वतः या कथेचे जुने भक्त. पाच नायक, पाच वाहने, जुळणीचा तो विधी आणि ‘व्ही’चा घाव हे सारे जसेच्या तसे ठेवण्याचा त्यांनी आग्रह धरला. पात्रे फिलिपिनो भाषेत बोलतात, नावे मात्र १९७८ च्या इंग्रजी रूपांतरातली आहेत आणि शीर्षकगीत फिलिपिनो गायिकेच्या कंठातून, पण जपानीतच. तर्काला न पटणारी ही सरमिसळ आहे. पण स्मृतीचा तर्क असाच असतो. पुनर्निर्मिती मूळ कृतीची नसून आठवणीची करावयाची होती. संगणकीय दृश्ये देशातल्याच कारागिरांनी घडविली. हॉलीवूडच्या पैशापुढे नगण्य अशा खर्चात त्यांनी यंत्रमानवाला जे वजन आणि जी चमक दिली, तिचा त्यांना सार्थ अभिमान वाटला असेल. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचा चित्रपटरूपी अवतार जपानी चित्रपटगृहांतही दाखल झाला. शिष्याने गुरूला त्याचीच विद्या नव्या रूपात परत करावी, असा तो प्रसंग होता.

दोष नाहीत असे नाही. अर्ध्या अर्ध्या तासाच्या ४० भागांची गोष्ट ९० भागांपर्यंत ताणली, म्हणजे तिच्यात पाणी पडणारच. अश्रूंचे प्रसंग रेंगाळतात, खलनायकांची खलबते संपता संपत नाहीत. मूळ चित्रांच्या साधेपणात जी कल्पनाशक्तीला जागा होती, ती झगमगाटाने व्यापून टाकली आहे. तरीही एका बाबतीत नव्या निर्मात्यांनी मूळ आशयाचे मोल ओळखले. बोआझानमधील शिंगवाले आणि बिनशिंगी यांच्या समाजाचे, तेथील अन्यायाच्या रोजच्या व्यवहाराचे चित्रण त्यांनी विस्ताराने केले. लढाया कमी करून गुलामी दाखविण्यास वेळ द्यावा, हा निर्णय धंद्याच्या दृष्टीने सोपा नसतो.

आणि तरीही मुख्य प्रश्न पडद्याबाहेरच उरतो. ही कलाकृती लोकांसमोर आली तेव्हा मनिलाच्या मालाकान्यांग प्रासादात राष्ट्राध्यक्ष म्हणून कोण बसले होते? बंदी घालणाऱ्या मार्कोस यांचे पुत्र, फर्डिनंड मार्कोस धाकटे. मे २०२२ च्या निवडणुकीत ते प्रचंड मताधिक्याने निवडून आले, तेही लोकांच्या मुक्त मतांनी. लष्करी कायद्याचा काळ हे सुवर्णयुग होते, अशी समजूत प्रचाराच्या नव्या साधनांनी तरुणांत पसरविली आणि ती पुष्कळांना पटली. याच देशाने २०१३ साली कायदा करून त्या काळातील अत्याचारांना सरकारी मान्यता दिली होती आणि त्याखाली ११,१०३ पीडितांची दावेदारी ग्राह्य ठरली होती. कायद्याच्या पुस्तकात एक इतिहास आणि तरुणांच्या मनात दुसरा, अशी ही स्थिती आहे. पित्याने जी गोष्ट रोखली, ती पुत्राच्या राजवटीत निर्विघ्नपणे, जाहिरातींसह, सायंकाळच्या मुख्य वेळेत दाखविली गेली. कोणी तिला अडविले नाही. याला लोकशाहीचा विजय म्हणता येईल. पण जी गोष्ट अडविण्याची कोणास गरजच वाटत नाही, तिच्यातील धार बोथट झाली असे तर नव्हे, ही शंकाही मनात आल्यावाचून राहत नाही.

ही शंका सर्वस्वी खरी मानण्याचे कारण नाही. गोष्टीला स्वतःची अशी धार नसते. ती ऐकणाऱ्याच्या परिस्थितीवर परजली जाते. १९७७ साली जपानी मुलांना जी केवळ साहसकथा होती, तीच १९७९ साली फिलिपिनो मुलांच्या बाबतीत राजद्रोहाच्या जवळपास पोहोचली. मधल्या काळात बदलला तो ऐकणारा. म्हणूनच नवी मालिका पाहणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाला बोआझानच्या गुलामांचे दुःख कळेल. पण शेजारी बसलेल्या पन्नाशीच्या बापाचे डोळे का पाणावले, हे यंत्रमानव त्याला सांगू शकणार नाही. ते बापालाच सांगावे लागेल, किंवा शाळेतल्या शिक्षकाला. त्या शुक्रवारी पडदा रिकामा का राहिला, तो हुकूम कोणी काढला, त्या वर्षी शेजारच्या घरातला तरुण कोठे नाहीसा झाला, एवढे तीन प्रश्न त्या मुलाने विचारले आणि कोणी त्यांची सरळ उत्तरे दिली, तर या पुनर्निर्मितीसाठी घेतलेले श्रम कारणी लागले असे म्हणता येईल.

१९७९ साली मुलांपासून शेवट हिरावला गेला होता. आजच्या मुलांना शेवट आयता मिळतो. त्यांच्यापासून दूर जात आहे तो आरंभ.